मित्रकिडी घरच्या घरी: बरणीतल्या ढालकिड्यापासून पऱ्हाटीतल्या ट्रायकोकार्डापर्यंत



एक प्रश्न विचारते, खरं उत्तर द्यायचं. परसबागेत चवळीच्या शेंड्यावर काळसर रंगाची, अंगावर पिवळे-नारिंगी डाग असलेली, मगरीच्या पिल्लासारखी दिसणारी एक बारीक अळी फिरताना दिसली, तर तुम्ही काय कराल? मी हा प्रश्न आमच्या गावच्या तीन गटांत विचारला. बहुतेक जणींचं उत्तर एकच: "चिरडून टाकू, आणखी काय!" मीही बरीच वर्षं तेच केलं. ती अळी असते ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्ड बीटलची. चवळीचं पानही ती खात नाही, ती आलेली असते मावा खायला. आपण चोराला सोडून राखणदारालाच मारत होतो.

या वेळच्या शेतीपाठात अशा राखणदारांना ओळखायचं कसं आणि घरी वाढवायचं कसं, ते सांगते. काही कामं एकटी बाई स्वयंपाकघरातल्या बरणीत करू शकते. ट्रायकोकार्ड तयार करणं मात्र एकटीचं काम नाही, त्याला गट लागतो. दोन्ही सांगते. कुठं फसायला होतं तेही सांगते, कारण मी स्वतः फसले आहे.

आधी थोडं मागचं. २०१७ चा पावसाळा आपल्या जिल्ह्यात कोणी विसरलेलं नाही. पऱ्हाटी त्या वर्षी डोक्याएवढी वाढली होती, फवारा उडून तोंडावर येत होता. फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जण दवाखान्यात भरती झाले, काहींच्या डोळ्यांना इजा झाली. आणि एवढं विष फवारूनही त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीनं बोंडं पोखरलीच. पंप पाठीवर पुरुषाच्या असतो हे खरं, पण पाणी आणून देणं, औषध कालवून देणं आणि संध्याकाळी ते कपडे धुणं हे कोणाच्या हातून होतं, ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून एक जरी फवारणी कमी झाली, तरी ती आपल्या घरातल्या माणसाच्या आणि आपल्या अंगावरची कमी होते. मित्रकिडी वाढवल्या की सगळी फवारणी बंद होईल असं मी म्हणणार नाही. तसं कोणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण सुरुवातीच्या दोन महिन्यांतल्या फवारण्या पुष्कळ वेळा आपण भीतीपोटी करतो, आणि त्याच फवारण्यांनी आधी मरतात या मित्रकिडी. मग मावा, पांढरी माशी पुन्हा येते आणि तिला खायला कोणी उरलेलं नसतं.

कोण आपलं, कोण परकं

ढालकिड्याचं लाल-नारिंगी, चकचकीत अंग सगळ्यांना माहीत आहे. आपल्याकडे दोन जास्त दिसतात. एकाच्या पाठीवर काळ्या नागमोडी रेषा असतात, दुसऱ्याच्या पाठीवर सात ठिपके असतात. हा सात ठिपक्यांचा थंडीच्या दिवसांत मोहरीवर, करडईवर फार दिसतो. मादी पिवळ्याधमक अंड्यांचा पुंजका पानाच्या मागच्या बाजूला घालते. अंडी उभी असतात, एकमेकींना खेटून, जणू कोणी बारीक तांदूळ हळदीत घोळून पानावर उभे रोवले. तीन-चार दिवसांत त्यातून अळ्या निघतात. अळी आठ-दहा दिवस खात राहते आणि तेवढ्यात शेकडो मावा फस्त करते. मग पानाला चिकटून कोष होतो, आणि चार-पाच दिवसांत त्यातून ढालकिडा बाहेर पडतो. तोही मावाच खातो.

आता घोळ इथं आहे. वांग्यावर आणि कारल्यावर दुसरा एक ठिपक्यांचा किडा येतो. त्याच्या पाठीवर अठ्ठावीसपर्यंत ठिपके असतात, रंग मळकट तांबूस, अंगावर बारीक लव, त्यामुळे चमक नाही. त्याचं नाव एपिलॅक्ना. त्याची अळी पिवळी आणि काटेरी असते. हा किडा ढालकिड्याचाच चुलतभाऊ, पण हा पान खातो. पानाचा हिरवा भाग खरवडून नुसती जाळी ठेवतो. तेव्हा चमक बघा आणि पान बघा. किडा चकचकीत, ठिपके मोजके, आणि जवळ मावा असेल तर तो आपला. किडा मळकट, ठिपके पुष्कळ, आणि पानाची जाळी झालेली असेल तर वेचून साबणाच्या पाण्यात टाका. आमच्या गटातल्या एका ताईनं हा फरक न कळल्यामुळे वांग्यावरचे एपिलॅक्ना पंधरा दिवस प्रेमानं सांभाळले होते. वांगी गेली, पण त्या दिवसापासून आमच्या गटात हा फरक कोणी विसरत नाही.

दुसरी मैत्रीण म्हणजे क्रायसोपा. नाजूक हिरवा किडा, पंख जाळीदार आणि पारदर्शक, डोळे सोनेरी. रात्री दिव्याजवळ येतो. त्याची अंडी एकदा पाहिली की जन्मात विसरत नाही: केसासारख्या पांढऱ्या दांडीच्या टोकावर एकेक अंडं, टाचणी उभी केल्यासारखं. कोणी सांगितलं नाही तर बुरशी समजून आपण पुसून टाकतो. त्याची अळी भुरकट रंगाची, तोंडापुढं विळ्यासारखे दोन जबडे. मावा, तुडतुड्यांची पिल्लं, पांढरी माशी, अळ्यांची अंडी, मिळेल ते धरते आणि रस शोषून टाकते.

शिवाय कोळी आहेत, चतुर आहेत, माव्याच्या गर्दीत वळवळणाऱ्या सिरफिड माशीच्या अळ्या आहेत. त्यांना पाळायची गरज नाही, फक्त मारायचं नाही.

बरणीतला पाळणा

ढालकिडा पाळायचा तर आधी त्याच्या जेवणाची सोय. माव्याशिवाय तो जगत नाही. म्हणून जुन्या घमेल्यात, फुटक्या बादलीत चवळी पेरा. दर आठ दिवसांनी एक नवं घमेलं पेरायचं, म्हणजे कोवळे शेंडे सतत मिळतात. चवळीवर काळा मावा आपोआप येतो. नाही आला तर धुऱ्यावरच्या चवळीची मावा लागलेली एक फांदी आणून त्यावर ठेवायची. हा काळा मावा चवळी, वाल, भुईमूग असल्या शेंगवर्गाचा आहे, पऱ्हाटीवरचा मावा वेगळा. त्यामुळे घरी चवळीवर मावा वाढवला म्हणून कापसाला लागेल ही भीती नको. पण परसबागेत वालाचा वेल असेल तर घमेली त्याच्यापासून लांब ठेवा.

घमेल्याखाली विटा ठेवून त्या पाण्याच्या थाळीत ठेवायच्या. कारण मुंग्या. मावा गोड चिकटा सोडतो आणि मुंग्या त्यासाठी माव्याची राखण करतात, जशी आपण गाईची करतो. ढालकिड्याच्या अळीला त्या हुसकून लावतात, अंडीही पळवतात.

आता मोठ्या तोंडाची प्लास्टिकची बरणी घ्या. लोणच्याची चालेल, पण औषधाचा डबा कितीही धुतला तरी चालणार नाही, त्याचा वास जात नाही आणि विषही जात नाही. बरणीच्या तळाशी कागद, आत कागदाची एक चुणीदार घडी, म्हणजे अळ्यांना लपायला जागा. तोंडाला जुन्या ओढणीचं पातळ कापड आणि रबर. चवळीवर, मक्यावर, ज्वारीच्या पोंग्यात ढालकिड्याची अंडी शोधा. पानाचा तेवढाच तुकडा कापून बरणीत ठेवा. अळ्या निघाल्या की रोज सकाळी माव्यानं भरलेला चवळीचा शेंडा आत टाकायचा आणि कालचा सुकलेला काढायचा. काढण्याआधी झटकून बघा, त्यावर अळी चिकटलेली असते. ओलसर कापसाचा एक बोळा ठेवा, पाणी साचू देऊ नका. बरणी उन्हात नको, चुलीजवळ नको.

एका बरणीत दहा-बाराच अळ्या. हे मी माझ्या चुकीवरून सांगते. पहिल्या वर्षी मोठ्या हौसेनं मी एका बरणीत चाळीसेक अळ्या कोंबल्या आणि दोन दिवस लग्नाला गेले. परत येऊन पाहते तर पाच अळ्या शिल्लक, आणि पाचही टम्म फुगलेल्या. भूक लागली की त्या एकमेकींनाच खातात. शेजारच्या आजी आधीच म्हणत होत्या, "काहून वं बाई, आता किडेबी पोसतं का?" त्या दिवशी त्यांनी जे हसून घेतलं ते अजून थांबलेलं नाही.

मोठे ढालकिडे बाहेर आले की बरणी संध्याकाळी परसबागेत, मावा असलेल्या झाडापाशी उघडायची. दुपारी उघडली तर उडून शेजाऱ्याच्या वावरात जातात. मावा नसलेल्या झाडावर सोडूनही उपयोग नाही, ते थांबणार नाहीत. खरं तर किडे सोडण्यापेक्षा अळ्या सोडणं जास्त फायद्याचं. अळीला पंख नाहीत, तिला तिथंच खावं लागतं.

क्रायसोपाच्या अळ्या तर जन्मतःच भांडकुदळ. प्रयोगशाळेत त्यांना एकेक वेगळ्या खणात ठेवतात. घरी तेवढा उपद्व्याप करण्यापेक्षा दांडीवरची अंडी असलेलं पान आणून माव्याच्या झाडाला टाचणीनं अडकवायचं, काम झालं. मोठा क्रायसोपा फुलांचा मध आणि पराग खातो, म्हणून परसबागेच्या कडेला शेपू, सांबार, मोहरी, झेंडू फुलावर येऊ द्या. आपण सांबार कोवळा असतानाच उपटून भाजीत घालतो. चार झाडं फुलायला सोडली तर त्यावर किती तऱ्हेचे किडे येतात ते बघत बसावंसं वाटतं.

पांढऱ्या ढेकणाची तपकिरी ममी

जास्वंदीवर, भेंडीवर, पऱ्हाटीवर पिठ्या ढेकूण येतो, कापसाच्या बोळ्यासारखा. २००६ नंतरची दोन-तीन वर्षं त्यानं देशभर पऱ्हाटीला जेरीस आणलं होतं. मग तो कमी झाला, आणि त्याला मोठं कारण झाली एक इवलीशी गांधीलमाशी, ॲनासियस. तिला कोणी मुद्दाम आणून सोडलं नव्हतं, ती शेतातच सापडली. ती ढेकणाच्या अंगात अंडं घालते, आतली अळी ढेकूण पोखरून खाते, आणि वर उरतं एक टणक, तपकिरी टरफल. त्याला ममी म्हणतात. पांढरी पावडर गेलेले, फुगलेले, तांबूस-तपकिरी दाणे दिसले की ते ममी समजा.

आपण काय करतो, तर ढेकणाची फांदी दिसली की कापून जाळतो. पांढरे जिवंत ढेकूण जाळा, पण त्याआधी ममी असलेले तुकडे वेगळे काढून कापड लावलेल्या बरणीत ठेवा. काही दिवसांत बारीक काळ्या माश्या आत फिरताना दिसतील. बरणी ढेकूण लागलेल्या झाडाजवळ नेऊन सोडा. या माश्या माणसाला चावत नाहीत.

गाजरगवतासाठीही असा एक भुंगा आहे, मेक्सिकन भुंगा. मळकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी पट्टे. मेक्सिकोतून आणून १९८४ मध्ये बंगळूरजवळ तो पहिल्यांदा सोडला, आता आपल्याकडेही पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला दिसतो. जुलै-ऑगस्टमध्ये ज्या गाजरगवताची पानं चाळणी झाली आहेत तिथून भुंगे भोकं पाडलेल्या डब्यात गोळा करायचे आणि गावठाणात, शाळेमागं, जिथं गवत आहे पण भुंगा नाही, तिथं सोडायचे. गवताला हात लावताना मोजे किंवा पिशवी घाला, त्यानं अंगाला खाज सुटते. थंडीत तो जमिनीत जाऊन झोपतो, तेव्हा शोधत बसू नका.

ट्रायकोकार्ड: अंड्यातच अळीचा बंदोबस्त

आता पऱ्हाटीकडे येऊ. गुलाबी बोंडअळी एकदा बोंडात शिरली की तिच्यापर्यंत औषध पोचत नाही आणि कोणताही मित्रकिडाही सहज पोचत नाही. म्हणून तिला अंड्यातच गाठायचं. हे काम ट्रायकोग्रामा नावाची माशी करते. ती इतकी लहान, की अर्धा मिलिमीटरही भरत नाही. पतंगाच्या अंड्यात ती आपलं अंडं घालते. आतली अळी अंड्यातला रस खाते, अंडं काळं पडतं, आणि सात-आठ दिवसांनी बोंडअळीऐवजी आपली माशी बाहेर येते.

ट्रायकोकार्ड म्हणजे पोस्टकार्डापेक्षा थोडा मोठा पुठ्ठ्याचा तुकडा. त्यावर एका धान्यपतंगाची साधारण वीस हजार अंडी चिकटवलेली असतात आणि त्यांत ही माशी वाढत असते. गुलाबी बोंडअळीसाठी ट्रायकोग्रामाटॉयडिया बॅक्ट्री ही जात शिफारशीत आहे. एकरी साठ हजार अंडी, म्हणजे तीन कार्ड. वांगी, भेंडी यांच्या फळ पोखरणाऱ्या अळीसाठी जात वेगळी, ट्रायकोग्रामा किलोनिस. कार्ड घेताना जात विचारायचीच. "कार्ड म्हणजे कार्ड" म्हणणारा दुकानदार भेटला तर पुढं चला.

लावायचं कधी, हा सगळ्यांत मोठा प्रश्न. अंडी नसताना लावलं तर माशी तीन-चार दिवसांत मरून जाते, अळी बोंडात गेल्यावर लावलं तर उपयोग शून्य. म्हणून पऱ्हाटी दीड महिन्याची झाली की एकरी दोन कामगंध सापळे लावा. रोज सकाळी किती पतंग अडकले ते पाटीवर लिहा. आमच्याकडे हे काम शाळेत जाणाऱ्या पोरी करतात आणि आपल्यापेक्षा चोख करतात. पात्या-फुलं लागली आणि पतंग दिसायला लागले की पहिली खेप. त्यानंतर आठ-दहा दिवसांच्या अंतरानं पुन्हा. लागोपाठ तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग सापडायला लागले, तर कीड आवाक्याबाहेर जातेय असं समजा आणि लगेच कृषी सहायकाला किंवा कृषी विज्ञान केंद्राला विचारा. अशा वेळी फक्त कार्डाच्या भरवशावर बसू नका. डोमकळ्या, म्हणजे मिटून राहिलेली गुलाबासारखी फुलं, रोज वेचून जाळायची हे काम चालूच राहिलं पाहिजे.

तीन कार्डांचे प्रत्येकी वीस तुकडे केले तर साठ तुकडे होतात. एका एकरात साधारण आठ मीटरवर, म्हणजे दहा-अकरा पावलांवर, एक तुकडा येतो. तुकडा पानाच्या खालच्या बाजूला, झाडाच्या मधल्या उंचीवर, स्टेपलरनं किंवा दोऱ्यानं लावायचा, अंडी असलेली बाजू दाबली जाणार नाही असं. वेळ संध्याकाळची. पाऊस येणारसा वाटला तर एक दिवस थांबा. कार्डावर तारीख लिहिलेली असते, ती बघा. थांबावंच लागलं तर फ्रिजच्या खालच्या खणात ठेवा, बर्फाच्या खणात नाही. आमच्या एका ताईच्या पोरानं कुल्फीशेजारी ठेवली होती, सगळी गेली. आणि गाडीच्या डिक्कीत उन्हात ठेवून आणू नका, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या डब्यात आणा.

दहा दिवसांनी एक तुकडा काढून उन्हात धरा. आजीचा चष्मा भिंगासारखा धरून बघा. काळ्या अंड्यांना बारीक गोल भोक दिसलं तर माशी बाहेर पडली. भोकं नाहीत तर कार्ड शिळं होतं. अंडीच गायब असतील तर मुंग्यांनी नेली.

कार्ड लावण्याआधी आणि लावल्यानंतर आठ-दहा दिवस रासायनिक फवारणी नको. शेजारचा फवारत असेल तर त्या बाजूच्या चार-पाच तासांत कार्ड लावू नका, आणि त्याला फवारणीचा दिवस विचारून ठेवा. निंबोळी अर्क मारायचा तर कार्ड लावण्याआधी मारून घ्या. मिरची-लसणाचा अर्क नैसर्गिक आहे म्हणून आपण बेधडक मारतो, पण ढालकिड्याच्या अळीला तो तिखटच लागतो. मित्रकिडी दिसत असतील तिथं तोही नको.

कार्ड गटात बनवायचं असेल तर

हिशेब आधी. वीस जणींचा गट, प्रत्येकीची दोन एकर पऱ्हाटी धरली तर चाळीस एकर. एकरी तीन म्हणजे एका खेपेला एकशे वीस कार्ड. तीन खेपांना तीनशे साठ. हा फावल्या वेळातला धंदा नाही, रोजचं दूध काढण्यासारखं काम आहे, एक दिवसही खाडा चालत नाही. माझं मत असं: पहिल्या वर्षी कार्ड विकत आणून वापरा, सापळे-नोंदी शिका. दुसऱ्या वर्षी ग्रामसंघातल्या चार-पाच चिकाटीच्या बायांनी प्रशिक्षण घ्यावं. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, यवतमाळचं कृषी विज्ञान केंद्र, नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था इथं चौकशी करता येते. मूळ माशी तिथूनच, जात खात्रीची घेऊन आणावी.

काम कसं चालतं ते थोडक्यात सांगते, म्हणजे प्रशिक्षणाला जाताना कोऱ्या जाणार नाही. जुन्या रव्याला जाळी लागते ना, ती करणारी अळी कॉर्सिरा नावाच्या पतंगाची. इतकी वर्षं जिला आपण उन्हात घालून हाकललं, तिलाच इथं पाळायचं. ज्वारीचा किंवा मक्याचा अडीच किलो भरडा तापवून निर्जंतुक करतात. थंड झाल्यावर त्यात शंभर ग्रॅम शेंगदाण्याचा कूट, पाच ग्रॅम यीस्ट, पाच ग्रॅम गंधक मिसळतात. पेटीत भरून वर पतंगाची अंडी, अर्धा सीसी, भुरभुरतात. झाकणाला जाळी. महिना-सव्वा महिना अळ्या भरड्यात जाळं करून खातात, आणि चाळिसाव्या दिवसाच्या आसपास पतंग निघायला लागतात. ते रोज गोळा करून जाळीच्या तळाच्या डब्यात सोडायचे, मधाच्या पाण्याचा कापूस द्यायचा. जाळीतून अंडी खाली पडतात. ती चाळून, स्वच्छ करून, अतिनील दिव्याखाली पाऊण तास ठेवायची म्हणजे त्यांतून अळी निघत नाही, पण माशीला ती चालतात. मग पुठ्ठ्याला डिंक लावून, चहाच्या गाळणीनं अंडी एकसारखी भुरभुरायची. अशी सहा कार्डं आणि माशी निघायच्या बेतातलं एक जुनं कार्ड एका पिशवीत. तीन-चार दिवसांत अंडी काळी पडली की कार्ड तयार.

आता ज्या गोष्टी माहितीपत्रकात बारीक अक्षरात असतात त्या मोठ्यानं सांगते. पतंगांच्या पंखांची भुकटी उडते. रोज ती नाकात गेली की खोकला लागतो, दम लागतो. तोंडाला नीट मास्क, डोक्याला फडकं, खोलीला खिडकी हवीच. जिला आधीच दमा आहे तिला हे काम देऊ नका, तिला सापळ्यांच्या नोंदी द्या. अतिनील दिवा चालू असताना त्याच्याकडे बघायचं नाही, पेटी बंदच ठेवायची. कॉर्सिराची खोली घरातल्या धान्याच्या कोठीपासून लांब, नाहीतर पतंग सरळ आपल्या ज्वारीत शिरेल.

आणखी एक गंमत. ब्रॅकॉन नावाची माशी अळ्यांवर जगते. वावरात ती आपली मैत्रीण. पण हीच कॉर्सिराच्या खोलीत शिरली तर पेट्याच्या पेट्या संपवते. म्हणून खोलीच्या खिडक्यांना बारीक जाळी, पेटीच्या पायांना पाणी. तसंच ट्रायकोग्रामा सोडायची जागा आणि पतंगाची अंडी गोळा करायची जागा एका खोलीत ठेवायची नाही, नाहीतर दिव्याखाली नेण्याआधीच अंड्यांत माशी शिरते आणि सगळं वेळापत्रक बिघडतं.

आपल्याकडचा उन्हाळा हा खरा अडसर. या माशीला पंचवीस ते अठ्ठावीस अंश तापमान मानवतं आणि मे महिन्यात आपल्या पत्र्याच्या खोलीत भाजून निघतं. त्या काळात कामाला हात घालू नका. ऑगस्टमध्ये कार्ड हवी तर पहिल्या पेट्या पाऊस पडल्या पडल्या, जूनच्या मध्यावर भरायला हव्यात: चाळीस दिवस पतंगाला, आठवडाभर अंडी आणि कार्डाला, आणि थोडं मागंपुढं. जागा कुडाची किंवा मातीच्या भिंतीची असली तर पत्र्याच्या खोलीपेक्षा बरी.

पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येकीनं आपल्या परसबागेतलं एक पान आणायचं, ज्यावर किडा, अंडी किंवा अळी आहे. डबीत घालून आणा, मारून आणू नका. पाटावर मांडू, आपलं कोण आणि परकं कोण ते सगळ्या मिळून ठरवू, आणि ज्यांच्या पानावर ढालकिड्याची पिवळी अंडी निघतील त्यांनी त्याच दिवशी बरणी घेऊन घरी जायचं. बरण्या संघाच्या कार्यालयात धुवून ठेवल्या आहेत. ओढणीचं कापड मात्र आपापलं आणा.